हँडी कोणती घ्यावी आणि तिला काय जोडावे?

गेल्या अंकात या सदरात हौशी रेडिओच्या, म्हणजेच हॅम रेडिओच्या, परवाना परीक्षेविषयी लिहिले होते. त्यानंतर आलेल्या पत्रांत परीक्षेविषयी फार थोडे आणि पहिल्या संचाविषयी फार अधिक विचारलेले आहे. हातात धरायच्या या संचाला हॅम मंडळी ‘हँडी’ म्हणतात, म्हणून उत्तरांतही तोच शब्द ठेवला आहे. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली असून पत्रलेखकांची नावे नेहमीप्रमाणे वगळली आहेत.

प्रश्न : रिस्ट्रिक्टेड (प्राथमिक) श्रेणीचा परवाना आणि कॉलसाइन, म्हणजे हवेतले माझे ओळखनाम, नुकतेच हाती आले. शिकवण्या करून साठवलेले दहा हजार रुपये आहेत. दोन-अडीच हजारांची चिनी हँडी घ्यावी, की आणखी काही महिने थांबून तिच्या पाच-सहा पट किमतीची जपानी हँडी घ्यावी?
— महाविद्यालयीन विद्यार्थी, फोंडा

उत्तर : थांबू नका. रिपीटर, म्हणजे ऐकलेले बोलणे पुन्हा पाठवून दूरवर पोचवणारे केंद्र, उघडणे, आपले कॉलसाइन न अडखळता सांगणे, दोघांच्या चाललेल्या संभाषणात कधी आणि कसे शिरावे हे ओळखणे, एवढेच पहिल्या काही महिन्यांत शिकायचे असते, आणि ते स्वस्त हँडीवरही तितकेच नीट शिकता येते. मात्र स्वस्त आणि महाग संचांत काही फरकच नसतो, असे जे अनेकदा ठामपणे सांगितले जाते ते खरे नाही. तो फरक कुठे असतो हे समजून घेऊन मग पैसे वाचवावेत.

फरक बोलण्यात फारसा नसतो; तो ऐकण्यात असतो. पाच वॅटची हँडी कोणत्याही किमतीची असली तरी पाच वॅटच्याच आसपास प्रक्षेपण करते. परंतु स्वस्त हँडीत रेडिओचे जवळजवळ सगळे काम एकाच चिपवर सोपवलेले असते आणि तिच्यापुढच्या गाळण्या जेमतेम असतात, त्यामुळे जवळपास एखादे जबरदस्त प्रक्षेपण चालू असले की तिचा रिसीव्हर बधिर होतो व दूरचा क्षीण आवाज तिला ऐकूच येत नाही. पणजीच्या आल्तिनोसारख्या मनोऱ्यांनी भरलेल्या टेकडीवर राहणाऱ्याने हा दोष मनावर घ्यावा आणि चांगल्या रिसीव्हरसाठी पैसे मोजावेत. तुमच्या घराजवळ असे काही नसेल तर हा दोष तुम्हाला वर्षभर जाणवणारही नाही. याची एक सोपी खूण सांगतो. रबरी अँटेनावर जे केंद्र ऐकू येत होते ते मोठी अँटेना जोडताच नाहीसे झाले, तर बिघाड अँटेनात नसून रिसीव्हर दबला आहे असे समजावे.

हँडीच्या उपयोगाचे दोन पट्टे भारतात हौशी परवान्यावर मिळतात : १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ, ज्याला दोन मीटर म्हणतात, आणि ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ, जो सत्तर सेंटिमीटरच्या पट्ट्यात येतो. बाजारातील बहुतेक हँडी दोन्ही पट्ट्यांवर चालतात, म्हणून एकाच पट्ट्याची घेण्यात आता बचत उरलेली नाही. लक्षात ठेवायचे ते हे, की स्वस्त संच १३६ पासून १७४ मेगाहर्ट्झपर्यंत कुठेही प्रक्षेपण करू शकतो, पण तुमचा परवाना तसे करू देत नाही. त्या रुंद पट्ट्यात सरकारी यंत्रणा आहेत, बंदरे आहेत, जहाजे आहेत. संच हाती आल्यावर मेनूत जाऊन प्रक्षेपणाच्या मर्यादा आपल्या पट्ट्यापुरत्या बांधून घेण्याची सोय असेल तर ते काम सर्वांत आधी करावे.

संच निवडताना मी स्वतः अंकांच्या बटणांना फार महत्त्व देतो. रिपीटर एका वारंवारतेवर ऐकतो आणि दुसऱ्या वारंवारतेवर तेच बोलणे पुढे पाठवतो. दोन मीटरच्या पट्ट्यात या दोहोंत सामान्यतः ६०० किलोहर्ट्झचे अंतर असते. त्याशिवाय बऱ्याच रिपीटरांना तुमच्या आवाजाखाली एक बारीक, कानाला न जाणवणारा टोन लागतो आणि तो नसेल तर रिपीटर उघडतच नाही. हे सगळे संगणकाला न जोडता, केवळ बटणे दाबून भरता आले पाहिजे. फोंड्याहून तुम्ही बेळगावला गेलात आणि तिथल्या हॅमने तिथली वारंवारता सांगितली, तर संगणक घरी राहिला म्हणून मुकाट बसण्याची वेळ येऊ नये. प्रोग्रॅमिंगची केबल आणि ‘चर्प’ नावाची विनामूल्य संगणकप्रणाली जरूर वापरावी, पण सोय म्हणून. त्यांच्यावाचून अडता कामा नये. स्वस्त केबलमधील नकली चिपला संगणक कधीकधी ओळखत नाही, तेव्हा केबल घेताना ती परत करता येईल ना, एवढे विचारून ठेवावे.

डिजिटल हँडीच्या मोहात तूर्त पडू नका. डीएमआर, डी-स्टार आणि सीफोरएफएम या तीन पद्धती एकमेकींशी बोलत नाहीत आणि तुमच्या परिसरातील मंडळी यांपैकी कोणती वापरतात, किंवा कोणतीही वापरतात का, हे कळण्याआधी घेतलेला महागडा संच कपाटाची शोभा होतो. साधे एफ.एम. सगळ्यांकडे असते.

म्हणून दहा हजारांची वाटणी मी अशी करीन : पाव भाग हँडीवर, तेवढाच जादा बॅटरीवर आणि किरकोळ वस्तूंवर, आणि उरलेल्यातला मोठा हिस्सा घराबाहेरची अँटेना व तिची केबल यांवर. वर्षभराने जपानी हँडी घेतलीत तर ही अँटेना तिलाही चालेल. फक्त जोडणीचा एक घोळ ध्यानात असू द्या. यासू, आयकॉम यांसारख्या जपानी संचांवर एसएमए जातीचे ‘मादी’ टोक असते, तर बाओफेंगसारख्या बहुतेक चिनी संचांवर ‘नर’ टोक असते. साहजिकच एकाची रबरी अँटेना दुसऱ्यावर बसत नाही. अँटेना मागवताना संचाचे नाव सांगून मागवावी.

प्रश्न : माझे घर वाळपईच्या आतल्या बाजूला, तिन्ही बाजूंनी डोंगर असलेल्या जागी आहे. हँडी चालू केली की नुसती खरखर. विक्रेता म्हणतो, दहा वॅटची हँडी घ्या. शिवाय एक शंका : मुक्तिलढ्याच्या काळात आंबोलीच्या रानातून गुप्त रेडिओ केंद्र चालवून ते गोव्यात ऐकवता आले, मग आज मला वाळपईहून पणजी का मिळू नये?
— एक शिक्षक, सत्तरी

उत्तर : आपली शंका आधी घेतो, कारण तिच्या उत्तरात आपल्या अडचणीचे मूळ आहे. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी १९५५ पासून १९६१ पर्यंत आंबोलीच्या आणि पुढे कॅसलरॉकच्या रानातून चालवलेले ‘गोंयचे सोडवणेचो आवाज’ हे केंद्र लघुलहरींवर होते. त्या लहरी वर जाऊन आयनावरणावरून, म्हणजे वातावरणाच्या उंचावरील विद्युत्भारित थरावरून, परततात, त्यामुळे मधला डोंगर त्यांना आडवा येत नाही. आपल्या हँडीच्या दोन मीटरच्या लहरी मात्र आयनावरण भेदून निघून जातात आणि जमिनीवर जवळजवळ नजरेच्याच रेषेत चालतात. डोंगराच्या कडेवरून त्या थोड्या वाकतात, समोरच्या कड्यावर आपटून कधी परततातही, पण डोंगराच्या पोटातून त्या जात नाहीत.

आता दहा वॅटविषयी. पाचाचे दहा वॅट केल्याने ३ डेसिबलची भर पडते, आणि संचाच्या सिग्नल-पट्टीवरची एक पायरी ६ डेसिबलची धरतात. म्हणजे दुप्पट शक्तीने समोरच्याच्या पट्टीवर जेमतेम अर्धी पायरी वाढते, तुमची बॅटरी मात्र त्या मानाने लवकर उतरते. आणि मुख्य म्हणजे तुम्हाला जी खरखर ऐकू येते, म्हणजे ज्यात ऐकण्याचीच अडचण आहे, तिच्यावर प्रक्षेपणाची शक्ती वाढवणे हा उपायच नव्हे.

उंची हा उपाय आहे. मीटरमधील उंचीचे वर्गमूळ काढून त्याला ४.१२ ने गुणले की रेडिओचे क्षितिज किलोमीटरमध्ये मिळते. दीड मीटरवर धरलेल्या हँडीचे क्षितिज सुमारे ५ किलोमीटर असते. अँटेना १० मीटरवर चढवली तर ते १३ किलोमीटर होते. १०० मीटरच्या टेकडीवर ते ४१ किलोमीटरपर्यंत जाते. पारोड्याजवळचा चंद्रनाथ पर्वत साडेतीनशे मीटरच्या आसपास आहे, म्हणजे तिथून हिशेबाने सत्तरपेक्षा अधिक किलोमीटर मिळतात. तिथे साधी रबरी अँटेनाही पुष्कळ काम करते. समोरच्याच्या अँटेनाचे क्षितिज यात आणखी मिळवायचे असते. अर्थात हा सगळा हिशेब मधे काही आडवे नसताना लागू पडतो, आणि सत्तरीत आडवे पुष्कळ असते. त्यामुळे घरापासून पाचशे पावलांवर एखादा उघडा सडा, म्हणजे कातळाचे पठार, असेल तर आधी तिथे जाऊन हँडी लावून पाहावी. तिथे ऐकू आले तर घरावर अँटेना उंच नेण्यात अर्थ आहे. तिथेही काही आले नाही तर खर्च करण्याआधी एखाद्या जुन्या हॅमला घरी बोलवावे.

घराचाही यात वाटा असतो. जाड चिऱ्याच्या भिंती, विशेषतः पावसाळ्यात ओल्या झालेल्या, लहरी शोषतात. मंगळुरी कौलांचे छप्पर त्यांना बऱ्यापैकी वाट देते, तर सळ्यांचा स्लॅब कमी देतो. आणि गळती थांबवण्यासाठी आजकाल गोव्यात गच्च्यांवर जे लोखंडी पत्रे घालतात, त्यांच्याखाली लावलेली अँटेना म्हणजे पातेल्याखाली ठेवलेला दिवा. अँटेना पत्र्यांच्या वर गेली पाहिजे.

संचाबरोबर येणारी वीतभर रबरी अँटेना ही तडजोड असते. १४५ मेगाहर्ट्झची पाव लहर सुमारे ४९ सेंटिमीटर भरते आणि ती आखडून वितीएवढी केली की कार्यक्षमता जाते. शिवाय अशा अँटेनाला दुसरी बाजू लागते आणि ती उणीव तुमचा हात व शरीर कसेबसे भरून काढतात. दहा रुपयांचा उपाय म्हणजे ४९ सेंटिमीटर लांबीची एक वायर अँटेनाच्या बुडाशी, धातूच्या कड्याला टेकेल अशी बांधून खाली लोंबकळत सोडणे. हिला हॅम मंडळी ‘टायगर टेल’ म्हणतात. दिसायला विचित्र असली तरी तिचा गुण जाणवतो.

घरासाठी मात्र ग्राउंड प्लेन अँटेना स्वतः तयार करावी, असा माझा आग्रह आहे. एसओ-२३९ जातीचे एक सॉकेट घ्यावे, त्याच्या मधल्या टोकाला ४९ सेंटिमीटरची पितळी वा जाड तांब्याची कांडी उभी डाखावी, आणि चार कोपऱ्यांच्या भोकांत तेवढ्याच लांबीच्या चार कांड्या पंचेचाळीस अंशांत खाली झुकवून बसवाव्यात. बस. सर्व कांड्या किंचित लांब ठेवून, अँटेना संचाशी किती जुळते हे दाखवणाऱ्या एसडब्ल्यूआर मीटरवर पाहत पाहत कापत जावे. मीटर विकत घेण्याची गरज नाही, तो उसना मिळतो. पीव्हीसी पाइपच्या टोकावर ही अँटेना बसवून पाइप घराच्या आढ्याच्या वर न्यावा. दूरदर्शनच्या जुन्या अँटेनांना जी चपटी दुहेरी वायर असायची ती माळ्यावर कुठे सापडली तर तिची दीड मीटरपेक्षाही लहान अशी जे-पोल अँटेना होते, जी गुंडाळून पिशवीत नेता येते आणि आंब्याच्या फांदीवरून सुतळीने वर ओढता येते.

केबलमध्ये काटकसर करू नये. बारीक आरजी-५८ केबल पंधरा मीटर वापरली तर १४५ मेगाहर्ट्झवर सुमारे निम्मी शक्ती तिच्यातच मुरते आणि ४३५ वर त्याहून बरीच जास्त. तेवढ्याच लांबीच्या जाड आरजी-२१३ केबलमध्ये १४५ वर साधारण पाव भाग जातो. पण जाड केबल हँडीच्या नाजूक टोकाला थेट जोडली की तिच्या वजनाने ते टोक मोडते, म्हणून मध्ये हातभर लवचिक बारीक केबलचा तुकडा घालावा.

माझ्या पहिल्या पावसाळ्याची गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. जोडावर मी साधी काळी वीजटेप गुंडाळली आणि काम झाले असे समजलो. जुलैपर्यंत टेपचा गोंद सुटला, पाणी जोडातून आत शिरले आणि जाळीच्या तारांतून झिरपत खाली पार संचाच्या टोकापर्यंत आले. आतले तांबे हिरवे पडले होते आणि केबल पुरती फुकट गेली. तेव्हापासून मी आधी स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळतो, तिच्यावर वीजटेप लावतो, आणि केबल घरात शिरण्यापूर्वी तिला खाली एक झोळ देतो, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकून जाते. आणि मे महिन्यात किंवा परतीच्या पावसात गडगडाट ऐकू आला की केबल संचातून काढून तिचे टोक खिडकीबाहेर ठेवायचे. यात कंटाळा करू नये.

प्रश्न : माझा चौदा वर्षांचा मुलगा परीक्षेची तयारी करीत आहे. त्याचा मामा तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरीला, आहे आणि पुढच्या महिन्यात घरी येताना हँडी आणतो म्हणतो. आणू द्यावी का?
— एक आई, वास्को

उत्तर : परवान्यासाठी किमान वय बारा वर्षे आहे, त्यामुळे मुलाने योग्य वेळी सुरुवात केली आहे. भावाला मात्र थांबण्यास सांगावे. दूरसंचार अधिनियम, २०२३ नुसार रेडिओ उपकरण केवळ वापरण्यासाठीच नव्हे, तर जवळ बाळगण्यासाठीही अधिकृत परवानगी लागते आणि सामानात सापडलेल्या संचाविषयी कस्टमच्या टेबलापाशी खुलासा करण्याची वेळ मामावर येईल. ऑनलाइन बाजारात वाटेल तसे वॉकी-टॉकी विकले जाऊ लागल्याने केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ मध्ये अशा विक्रीसाठी मार्गदर्शक सूचनाही काढल्या आहेत. संच ‘घरपोच मिळाला’ म्हणून तो कायदेशीर ठरत नाही.

परवाना मिळाल्यानंतर देशातल्याच विक्रेत्याकडून, परवान्याची प्रत देऊन आणि पावती घेऊन हँडी घ्यावी. परदेशी बाजारासाठीच्या संचांत प्रक्षेपणाचे पट्टे त्या त्या देशाच्या नियमांप्रमाणे आखलेले असतात. उदाहरणार्थ, अमेरिकेत दोन मीटरचा पट्टा १४८ मेगाहर्ट्झपर्यंत आहे, आपल्याकडे १४६ पर्यंतच. मामाला काही आणायचेच असेल तर चांगले डाखण्याचे यंत्र आणू द्या. ते मुलाला आजपासूनच उपयोगी पडेल.

प्रश्न : आमचा वीस जणांचा पदभ्रमण गट आहे. दूधसागर, चोर्ला भागात मोबाइलला रेंज नसते. गटासाठी चार हँडी घेतल्या तर चालतील का?
— गटप्रमुख, मडगाव

उत्तर : ज्या चौघांच्या हाती त्या असतील त्या चौघांकडे हौशी परवाना असेल तरच. गटातील एकाच्या परवान्यावर बाकीच्यांनी बोलणे चालत नाही. परीक्षा द्यायची तयारी नसेल तर ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झवर चालणारे कमी शक्तीचे छोटे वॉकी-टॉकी घ्यावेत. त्यांना २०१८ च्या नियमांनुसार परवान्यातून सूट आहे. मात्र संच मान्यताप्राप्त आहे याची खात्री विक्रेत्याकडून करून घ्यावी. पाच वॅटची हॅम हँडी ४४६ वर लावून ‘हाही तोच पट्टा’ म्हणणे ही पळवाट नव्हे, तो नियमभंग आहे. रानात या छोट्या संचांचा पल्ला एखाद-दोन वळणांपुरताच असतो, तेव्हा पुढचा आणि मागचा माणूस यांच्यात किती अंतर ठेवायचे हे त्यावरून ठरवावे.

बेतूलहून एका रापणकाराच्या मुलाने होडीवर हँडी ठेवण्याविषयी विचारले आहे. त्याचेही उत्तर यातच देतो. समुद्रावर मदत मागण्याचा मार्ग १५६.८ मेगाहर्ट्झवरील सागरी सोळावे चॅनेल हा आहे आणि त्यासाठी सागरी संचच हवा. हौशी परवाना धंद्याच्या कामासाठी वापरता येत नाही.

प्रश्न : निवृत्तीनंतर परवाना घेतला. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळात आमच्याकडे वीज गेली तेव्हाच ठरवले होते. हँडी घेतली, आता जोडवस्तूंच्या याद्या पाहून गोंधळलो आहे. आधी काय घ्यावे?
— निवृत्त कर्मचारी, म्हापसा

उत्तर : वादळ मनात ठेवून विचार केलात तर यादी आपोआप लहान होते. सर्वांत आधी दुसरी बॅटरी. उत्पादक बॅटरीचा जो कालावधी सांगतात तो बहुधा पाच टक्के वेळ बोलणे, पाच टक्के ऐकणे आणि नव्वद टक्के गप्प राहणे या हिशेबाने असतो. आणीबाणीत असे होत नाही. पाच वॅटवर बोलताना हँडी साधारण दीड अँपिअर ओढते, म्हणजे १८०० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी सलग बोलल्यास सव्वा तासाच्या आतच संपेल. यावर दुसरा उपाय फुकटचा आहे : एक वॅटवर काम होत असेल तर पाच वॅट वापरू नयेत.

त्यानंतर विजेवाचून चार्ज करण्याची सोय. नव्या काही हँडींच्या बॅटरीत यूएसबीचे टोकच असते आणि मोबाइलच्या पॉवर बँकेवर त्या चार्ज होतात. घेताना हे पाहावे. आपल्या संचात तसे नसेल तर गाडीच्या १२ व्होल्टवर चालणारा बॅटरी एलिमिनेटर मिळतो, जो बॅटरीच्या जागी बसतो आणि गाडीच्या किंवा घरच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीवर हँडी कितीतरी तास चालवतो. वापरात नसलेली बॅटरी निम्मी चार्ज करून सावलीत ठेवावी. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेली बॅटरी फुगते, आणि फुगलेली बॅटरी पुन्हा वापरायची नसते.

तिसरा क्रमांक मी स्पीकर-माइकला देतो. त्याचे कारण केवळ आराम हे नाही. कमरेला अडकवलेल्या हँडीची अँटेना शरीराच्या आड जाते आणि बरीच शक्ती शरीरातच मुरते. माइकची वायर असली की हँडी उंच धरता येते किंवा खिडकीच्या चौकटीवर ठेवता येते आणि बोलणे तोंडापाशी राहते. बहुतेक चिनी संचांना केनवुड पद्धतीचा दोन पिनांचा माइक लागतो. आपल्या संचाची पिन पाहूनच घ्यावा. इअरफोन सोबत आलेला असतोच, तो पुरेसा आहे.

पावसासाठी महागड्या आवरणाची गरज नाही. स्वयंपाकघरातील झिपची जाड पिशवी चालते, तिच्यातून बोलताही येते. आवाज थोडा दबका येतो इतकेच. ‘आयपी५४’ लिहिलेला संच शिंतोडे सहन करतो, ‘आयपी६७’ लिहिलेला अर्धा तास एक मीटर पाण्यात टिकतो, परंतु ही परीक्षा गोड्या पाण्याची असते. किनाऱ्यावरून परतल्यावर हँडी ओलसर फडक्याने पुसून कोरडी करावी आणि डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी. खाऱ्या हवेने चार्जिंगचे टोक आणि अँटेनाचा जोड यांवर आधी हिरवट थर धरतो आणि संच ‘अचानक’ बंद पडतो.

बाकी चामडी आवरण, पट्टा, तऱ्हेतऱ्हेची चमकणारी अँटेना, हे सगळे राहू द्या. एक वही मात्र ठेवा, जिच्यात आपल्या परिसरातील रिपीटर, त्यांचे टोन आणि रिपीटर बंद पडल्यास थेट बोलण्याची ठरलेली वारंवारता पेनाने लिहिलेली असेल. मेनूतील ‘रॉजर बीप’ही बंद करून टाका, प्रत्येक वाक्यानंतर येणारी ती टुंकी तुम्हाला ऐकू येत नाही, बाकी सगळ्यांना येते. आणि तुमचा आवाज फार बारीक येतो अशी कोणी तक्रार केली, तर संच ‘नॅरो’ वर आहे का ते पाहा. रिपीटर २५ किलोहर्ट्झच्या रुंदीने चालत असेल तर संचही ‘वाइड’ वर हवा.

प्रश्न : हँडीवरून आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाशी संपर्क होतो हे खरे आहे का? त्यासाठी कोणती हँडी लागेल?
— बारावीची विद्यार्थिनी, केपे

उत्तर : खरे आहे, आणि त्यासाठी वेगळी हँडी लागत नाही. स्थानकावर हॅम मंडळींसाठी एक रिपीटर आहे. तो १४५.९९० मेगाहर्ट्झवर ६७ हर्ट्झच्या टोनसह ऐकतो आणि ४३७.८०० मेगाहर्ट्झवर बोलतो, म्हणून दोन पट्ट्यांची हँडी हवी, एवढेच. तो चालू आहे की नाही हे आधी पाहावे, कारण स्थानकावरील इतर कामांसाठी तो बंदही ठेवतात.

स्थानक सुमारे चारशे किलोमीटर उंचीवरून जाते आणि एका फेरीत दहाएक मिनिटेच तुमच्या आकाशात असते. ते तुमच्याकडे येत असताना वारंवारता वर सरकलेली असते आणि दूर जाताना खाली उतरते. ४३७ मेगाहर्ट्झवर हा फरक दोन्ही बाजूंना सुमारे १० किलोहर्ट्झचा होतो. म्हणून ४३७.८१०, ४३७.८०५, ४३७.८००, ४३७.७९५ आणि ४३७.७९० अशी पाच चॅनेले ओळीने भरून ठेवावीत आणि स्थानक पुढे सरकेल तसे एकेक खाली यावे. पाचही चॅनेलांना प्रक्षेपणासाठी १४५.९९० च ठेवावे. त्या पट्ट्यावर फरक इतका कमी असतो की तो मनावर घेण्याचे कारण नाही. रबरी अँटेनावर आवाज तुटक येईल. हातात धरायची छोटी यागी अँटेना, जी एकाच दिशेला रोखायची असते, लाकडी पट्टीवर करता येते. सत्तर सेंटिमीटरच्या पट्ट्याची पाव लहर साडेसोळा सेंटिमीटरच्या आसपास असल्याने तिची टोके साधारण या मापाची होतात आणि सायकलचे जुने स्पोक त्यांना पुरतात.

केप्याच्या टेकड्यांत क्षितिज झाकले जाते, म्हणून एखाद्या संध्याकाळी बाणावलीच्या किनाऱ्यावर जा, जिथे पश्चिमेला काहीच आड येत नाही. वेळ आधी पाहून ठेवा, स्क्वेल्च, म्हणजे एरवीची खरखर दाबणारी सोय, पूर्ण उघडा आणि अँटेना हळूहळू मनगटाने फिरवत राहा, कारण स्थानकावरून येणाऱ्या लहरींची दिशा सतत बदलते. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत बोलण्याचे बटण दाबू नका. मोबाइलवर ध्वनिमुद्रण चालू ठेवा आणि घरी येऊन कोणकोणती कॉलसाइन ऐकू आली ती वहीत उतरवा. व्हीयूने सुरू होणारे एखादे त्यात सापडले तर तो हॅम भारतातलाच आहे, आणि पुढच्या फेरीत तुमचेही कॉलसाइन तो असेच टिपून घेईल.